भोपाळच्या तळ्यावर पोरं जे शिकतात, ते आपल्या दर्याच्याही कामाचं आहे



बारावीचा निकाल लागला की सोसायटीत एक प्रश्न हमखास येतो. पोरगी म्हणते, "मला जैवविविधता शिकायचीय, निसर्ग संवर्धनात पदवी घ्यायचीय." घरचे म्हणतात, "म्हणजे जंगलात वाघ मोजणार? आणि हेच शिकलेले लोक उद्या आपल्यावर बंदी आणणार ना?" प्रश्न चुकीचा नाही. म्हणून आज जरा सविस्तर लिहितो आहोत. उदाहरण घेतलंय भोपाळचं. तिथे दर्या नाही, पण तळ्यावर जाळं टाकून जगणारे मच्छीमार आहेत, आणि हा विषय शिकवणाऱ्या मोठ्या संस्थाही आहेत.

🔹 तिथे काय शिकतात?

भोपाळचं मोठं तळं म्हणजे बडा तालाब. ११व्या शतकात राजा भोजाने ते बांधून घेतलं असं मानतात. पसारा सुमारे ३१ चौरस किलोमीटर. शहराला पिण्याचं पाणी यातूनही जातं, मासळी आणि शिंगाडेही निघतात. २००२ मध्ये बडा आणि छोटा तालाब मिळून 'भोज पाणथळ' म्हणून रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आले.

त्याच शहरात बरकतउल्ला विद्यापीठ आहे. तिथे पर्यावरण विज्ञानाबरोबर 'लिम्नॉलॉजी' शिकवतात. नाव अवघड आहे, पण अर्थ सोपा: तळी, नद्या, धरणं यांच्या पाण्याचा अभ्यास. काळी-पांढरी तबकडी दोरीला बांधून पाण्यात सोडायची आणि ती किती खोलीवर दिसेनाशी होते ते लिहायचं, म्हणजे पाणी किती गढूळ ते कळतं. पाण्यात प्राणवायू किती आहे ते मोजायचं. अगदी बारीक जाळीने माशांचं सूक्ष्म खाद्य गोळा करायचं. माशाची लांबी, वजन, पोटातली गाभोळी तपासायची.

आता सांगा, यात आपल्याला परकं काय आहे? पाण्याचा रंग बघून तांडेल जे बोलतो, तेच ही पोरं आकड्यांत लिहितात. फरक एवढाच, की ते तारीख आणि जागा टाकून लिहिलेलं असतं. दहा वर्षांनी कुणी विचारलं तर दाखवता येतं. तांडेलाचं ज्ञान त्याच्याबरोबर जातं.

🔹 महसीर आणि पापलेट

मध्य प्रदेशाने २०११ मध्ये महसीरला राज्यमासा केलं. नर्मदेतला हा मोठा मासा. त्याला वाहतं, स्वच्छ पाणी लागतं आणि अंडी घालायला खडी-गोट्यांचा तळ लागतो. धरणं झाली, प्रवाह अडला, माशाची वाट तुटली आणि महसीर कमी होत गेला. नुसता मान दिल्याने मासा वाचत नाही, त्याची वाट आणि त्याचं घर वाचवावं लागतं.

आपल्याकडे २०२३ मध्ये पापलेटला राज्यमासा जाहीर केलं. त्याच वर्षी ५४ जातींच्या मासळीसाठी पकडण्याची किमान लांबी शासनाने ठरवली. ही लांबी ठरते कशी? बंदरावर उभं राहून मासे मोजायचे, पोट उघडून बघायचं, आणि कितव्या सेंटीमीटरला मादी पहिल्यांदा गाभोळीवर येते ते काढायचं. हे काम करणारं पोर आपल्या घरातलं असेल, तर कुठल्या महिन्यात, कुठल्या जाळ्याला काय लागतं हे त्याला वेगळं शिकवावं लागणार नाही.

🔹 बंदी आणि भरपाई, दोन्ही इथूनच

राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात न्यायाधीशांबरोबर विज्ञान शिकलेले तज्ज्ञ सदस्यही बसतात. त्याच्या भोपाळ खंडपीठाने सप्टेंबर २०२३ मध्ये बडा तालाबातल्या पर्यटनाच्या क्रूझ आणि मोटरबोटी बंद करायचा आदेश दिला. कारण पाण्याचं प्रदूषण.

याच न्यायाधिकरणाच्या पुणे खंडपीठाने फेब्रुवारी २०१५ मध्ये उरण परिसरातल्या १,६३० मच्छीमार कुटुंबांना ९५ कोटी १९ लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला होता. कांदळवन गेलं, खाडीची मासेमारी गेली, हा मुद्दा होता. पुढे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं.

म्हणजे एकाच शास्त्राने एकीकडे बोटी थांबतात, दुसरीकडे मच्छीमाराचं नुकसान मोजलं जातं. अशा ठिकाणी "पूर्वी लय मासळी मिळायची" एवढं सांगून भागत नाही. किती, कधी, कुठे, ते कागदावर लागतं. तो कागद आपल्या बाजूने कोण लिहिणार, हा खरा प्रश्न आहे.

🔹 शिकायचं कुठे?

यासाठी भोपाळलाच जायला हवं असं नाही. रत्नागिरीत शिरगावला दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचं मत्स्य महाविद्यालय आहे. बारावी विज्ञान, जीवशास्त्र घेऊन, आणि पुढे चार वर्षांची पदवी. पदव्युत्तर शिक्षणासाठी मुंबईत वर्सोव्याला केंद्रीय मत्स्यकी शिक्षण संस्था आहे. ज्याला तळी-धरणांत किंवा जंगल आणि गावकऱ्यांच्या प्रश्नांत रस आहे, त्याने भोपाळचं बरकतउल्ला विद्यापीठ आणि १९८२ साली सुरू झालेली भारतीय वन व्यवस्थापन संस्था बघावी.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो: पदवी हातात आली की लगेच सरकारी नोकरी, असं नाही. बरीच कामं प्रकल्पावरची, कंत्राटी असतात. घरी हे आधी बोलून घ्या.

🔹 आणि जे शिकायला जाणार नाहीत त्यांनी?

२००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत, नगरपालिकेत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी आणि तिने लोक जैवविविधता नोंदवही करायची असते. तिच्यात आपल्या खाडीतले मासे, शिंपल्या, कांदळवन, त्यांची आपली नावं, हंगाम हे सगळं यायला हवं. पंचायतीत जाऊन विचारा, वही कुठे आहे आणि तिच्यात मासळीचं पान आहे का. बोटीवरही एक वही ठेवा: तारीख, जागा, खोली, जाळं, काय आणि किती लागलं. घरात शाळकरी पोर असेल तर लिहायचं काम त्याच्याकडे द्या.

ज्यांच्या घरात यंदा बारावी झालेलं पोर आहे, त्यांनी गुणपत्रिका घेऊन सोसायटीत या. प्रवेशाच्या तारखा आणि अटी दरवर्षी बदलतात, यंदाची माहितीपुस्तिका आपण एकत्र बसून वाचू.