घरचे फोटो आणि कागदपत्रं क्लाऊडशिवाय कुठे ठेवायची?

फोनवर ‘स्टोरेज फुल’ असा मेसेज आला की आपण दोन-चार व्हिडिओ डिलीट करतो, नाहीतर महिन्याचे पैसे भरून जागा वाढवून घेतो. आमच्या घरात मात्र गेल्या रमजानमध्ये वेगळंच झालं. अब्बूंचा जुना मोबाइल नंबर बंद पडला होता, पासवर्ड कुणाला आठवेना आणि ओटीपी त्या बंद नंबरवरच जायचा. त्या खात्यात दादीचे फोटो होते, तिच्या आवाजातलं रेकॉर्डिंग होतं. दादी आता नाही. खातं अजून उघडलेलं नाही. चूक आमचीच. सगळं एकाच जागी ठेवलं होतं.

क्लाऊड म्हणजे भाड्याची खोली, नियम मालकाचे. गुगलच्या खात्यात १५ जीबी जागा फुकट मिळते, पण ती जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो मिळून. १ जून २०२१ पासून नवे फोटोही त्यातच मोजले जातात. अँड्रॉइडवरचा व्हॉट्सअॅप बॅकअपही आता याच जागेत धरतात. शिवाय दोन वर्षं खातं वापरलंच नाही, तर कंपनी ते पुसू शकते.

मग करायचं काय? बहुतेक घरांना साधी एक्स्टर्नल हार्ड डिस्क पुरते. एक फोटो ४ एमबीचा धरला तर १ टीबीच्या डिस्कवर सुमारे अडीच लाख फोटो बसतात. पण डिस्क हातातून पडली की संपली, म्हणून दोन घ्या. एक घरी ठेवा, दुसरी बहिणीकडे किंवा मामूंकडे, दुसऱ्या घरात. आग लागो, पूर येवो, एक प्रत वाचते. पेन ड्राइव्हवर विसंबू नका. एसएसडी स्वस्त मिळाली म्हणून घेऊन वर्षानुवर्षं कपाटात टाकली, तर वीज न मिळाल्याने तिच्यातला डेटा हळूहळू जाऊ शकतो. आम्ही दोन्ही ईदच्या आधी डिस्क काढून लावून बघतो. तारीख विसरत नाही, एवढाच त्यात फायदा!

कोकणातल्या आपल्या कितीतरी घरांतला एखादा माणूस आखातात असतो. अशा घरांसाठी ‘सिंकथिंग’ हा फुकट, ओपन सोर्स प्रोग्राम कामाचा आहे. कुवेतच्या लॅपटॉपवरचं फोल्डर आणि रत्नागिरीच्या कॉम्प्युटरवरचं फोल्डर तो आपोआप सारखं ठेवतो, मधे कुठल्या कंपनीकडे फाइल साठवली जात नाही. मात्र एक गोष्ट नीट लक्षात घ्या. हा बॅकअप नव्हे. एकीकडे फोटो पुसला की दुसरीकडेही पुसला जातो. त्यात जुन्या प्रती राखायची सोय आहे, ती आधी सुरू करा. डिस्कवरची प्रत तरीही हवीच.

घरातच स्वतःचा क्लाऊडही उभा करता येतो. ‘नेक्स्टक्लाऊड’ २०१६ पासून आहे, फोटोंसाठी ‘इमिच’ आहे. जुना कॉम्प्युटर किंवा छोटा रास्पबेरी पाय चालतो. पण वीज गेली की क्लाऊडही गेला. बरेच ब्रॉडबँडवाले घराला स्वतंत्र पब्लिक आयपी देत नाहीत, त्यामुळे बाहेरून पोचायला जास्तीची खटपट लागते, आणि अपडेट वेळेवर करावे लागतात. घरात हौशी मुलगा-मुलगी असेल तरच या वाटेला जा, असं आमचं मत.

आधार, लायसन्स, बोर्डाची मार्कशीट यांसाठी सरकारी डिजिलॉकर २०१५ पासून आहे, तो जरूर वापरा. पण काझीसाहेबांनी दिलेला निकाहनामा, दादांच्या नावचं खरेदीखत, जुना शाळा सोडल्याचा दाखला हे तिथे आपोआप येणार नाहीत. ते स्वतः स्कॅन करून दोन्ही डिस्कवर टाकावे लागतात. असली कागदपत्रं उघडी ठेवू नयेत. ‘व्हेराक्रिप्ट’ने डिस्कवर कुलूपबंद कप्पा करता येतो, तोही फुकट. त्याचा पासवर्ड हरवला तर मात्र कुणीच उघडून देऊ शकत नाही. आम्ही तो कागदावर लिहून अम्मीच्या कपाटात, दागिन्यांच्या डब्याखाली ठेवलाय. दुसरा कागद बाजीकडे.