रद्दीत न गेलेलं क्रिकेट

लंडन : 2022 च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेत मिकी मॅन्टल या बेसबॉलपटूचं 1952 सालचं एक कार्ड 1 कोटी 26 लाख डॉलरला विकलं गेलं. तेव्हापासून पुण्या-मुंबईचे मित्र मला विचारत असतात की मग तुमच्या इंग्लंडात जुन्या क्रिकेटपटूंचं कार्ड केवढ्याला जातं? उत्तर ऐकून त्यांचा हिरमोड होतो. सिगारेटच्या पाकिटातून आलेली क्रिकेटची बहुतेक जुनी कार्डं इथे स्वस्त आहेत. जॉन प्लेअर कंपनीचा 1938 चा पन्नास क्रिकेटपटूंचा संच चौघांच्या हॉटेलातल्या जेवणाच्या पैशांत मिळून जातो, आणि त्यात साक्षात ब्रॅडमन असतो.

कारण इथल्या लोकांनी ती फेकली नाहीत. कार्ड म्हणजे पाकिटातल्या सिगारेटी चेपू नयेत म्हणून घातलेला जाड कागदाचा तुकडा. पोरं तंबाखूच्या दुकानाबाहेर उभी राहायची आणि बाहेर पडणाऱ्या मोठ्यांकडे कार्ड मागायची. 1940 मध्ये युद्धापायी कागदाची टंचाई आली आणि कार्डं बंद झाली. आल्बम मात्र घरोघरी राहिले. खाणउद्योगातले एक बडे अधिकारी, एडवर्ड व्हार्टन-टायगर, यांनी जमवलेली लाखो कार्डं आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. महाग आहेत ती अपवादाची कार्डं. टॅडी नावाची लंडनची कंपनी 1920 मध्ये कामगारांशी झालेल्या वादानंतर बंद पडली आणि तिची सर्कशीतल्या विदूषकांची वीस कार्डं बाजारात धड आलीच नाहीत. आज संग्राहक त्यांच्यासाठी जीव टाकतात.

ज्या अमेरिकन टोबॅको कंपनीने पुढे बेसबॉलपटू होनस वॅग्नरचं जगप्रसिद्ध कार्ड काढलं, तीच 1901 मध्ये लिव्हरपूलची ऑग्डेन कंपनी विकत घेऊन इंग्लंडात घुसली होती. तिला थोपवण्यासाठी विल्स, प्लेअर वगैरे ब्रिटिश कंपन्या एकत्र आल्या. आपल्या खेळाडूंच्या शर्टावर वर्षानुवर्षं आपण पाहिलेलं ‘विल्स’ ते हेच.

क्रिकेटमधला खरा पैसा मात्र इथे पुस्तकात आहे, विस्डेनमध्ये. ससेक्सचा ठेंगणा वेगवान गोलंदाज जॉन विस्डेन याने 1864 मध्ये 112 पानांचं वार्षिक क्रिकेट-पंचांग काढलं, किंमत एक शिलिंग. क्रिकेटने पानं भरेनात म्हणून त्यात कालव्यांच्या लांब्या, घोड्यांच्या शर्यतींचे विजेते, जुन्या लढायांच्या तारखासुद्धा घातल्या. त्या अंकाची अस्सल प्रत आज हजारो पौंडांना जाते. पहिले पंधरा अंक सामान्य वाचकाला परवडेनात, म्हणून त्यांच्या हुबेहूब प्रती छापल्या गेल्या. आता त्या प्रतींनाही भाव आला आहे.

लिलावाच्या यादीत एकेका प्रतीचं वर्णन वाचताना मला हेवा वाटतो. मूळ वेष्टण आहे का, कणा दुरुस्त केला आहे का, पानांवर डाग किती, आधीचा मालक कोण. एका काउंटी मैदानावर चहाच्या सुट्टीत जुन्या पुस्तकांच्या टेबलावर मी 1916 चा अंक हातात घेतला. युद्धामुळे तो कमी छापला गेला, त्यातच डब्ल्यू. जी. ग्रेस आणि व्हिक्टर ट्रंपर दोघांचे मृत्युलेख त्याच अंकात. पण विक्रेत्या आजोबांनी मला ती पानं दाखवलीच नाहीत. युद्धात गेलेल्या पोरांची पानंच्या पानं उघडली. शाळेच्या संघातून खेळलेली विशीतली मुलं, प्रत्येकाच्या नावाखाली दोन-चार ओळी. पुस्तकाच्या आत एका पाद्र्याची सही आणि साल होतं. आजोबा म्हणाले, सही आहे म्हणून किंमत थोडी उतरते, पण मी ती कधी खोडणार नाही. पुढे 1940 मध्ये लंडनमधल्या मॉर्टलेकला विस्डेनच्या जागेवर बॉम्ब पडून जुन्या नोंदी जळाल्या. तरीही 1941 चा अंक निघालाच.

आणि आपण? क्रिकेटचं वेड आपल्याला यांच्यापेक्षा शतपट जास्त आहे. काउंटी सामन्याला इथे रिकाम्या खुर्च्यांना ऊन लागत असतं. तरी जुनं जपतात ते हे, आपण नाही. पैसा नाही हेही त्याचं कारण नाही. 2011 च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यातली धोनीची बॅट इथेच लंडनमध्ये एक लाख पौंडांना गेली आणि घेणारी कंपनी भारतीय होती. पुण्यात सहकारनगरला ‘ब्लेड्स ऑफ ग्लोरी’ संग्रहालयात बॅटी डोळे भरून पाहाव्यात. पण कागद? संदीप पाटील संपादक असलेलं ‘एकच षटकार’ एके काळी घराघरांत यायचं. त्याचे सलग अंक किती घरांत आहेत? महिनाअखेरीला रद्दीवाला तराजू घेऊन आला की आपला इतिहास किलोवर जातो. बिग फन बबलगमची धावा लिहिलेली कार्डं आम्ही जीव तोडून जमवली, आणि पहिल्या घरबदलात ती गेली.

सगळ्यात जास्त चीड येते ती पळवणकरांच्या बाबतीत. दलित घरात जन्मलेला, पुण्यात गोऱ्या साहेबांना नेटमध्ये गोलंदाजी करत घडलेला पळवणकर बाळू 1911 मध्ये भारतीय संघाबरोबर इंग्लंडला आला आणि शंभरावर बळी घेऊन गेला. त्या दौऱ्याचे धावफलक शोधायला मला विस्डेनचा 1912 चा अंकच उघडावा लागतो. त्याचा भाऊ विठ्ठल याने, मुंबईतल्या धर्मवार सामन्यांमधल्या हिंदू संघाच्या कर्णधाराने, ‘माझे क्रीडा-जीवन’ हे आत्मचरित्र मराठीत लिहिलं, 1948 मध्ये. जातीमुळे कर्णधारपद नाकारलं जाणं आणि मग ते मिळवणं, हे आतून सांगणारं दुसरं पुस्तक कुठे आहे? रामचंद्र गुहांनी आपल्या क्रिकेट-इतिहासासाठी त्याचा आधार घेतला. मी सुट्टीत आलो की पुण्याच्या अप्पा बळवंत चौकापासून मुंबईत फोर्टच्या फुटपाथपर्यंत त्याबद्दल विचारतो. बहुतेकांनी नावही ऐकलेलं नसतं. एका ग्रंथालयात नोंदवहीत नाव सापडलं, कपाटात पुस्तक नव्हतं.

त्या टेबलावरच्या आजोबांना मी विठ्ठलबद्दल सांगितलं. त्यांनी खिशातून वही काढून नाव, साल लिहून घेतलं आणि विचारलं, पहिल्या आवृत्तीला वेष्टण होतं का? मला सांगता आलं नाही.

वाचकांपैकी कोणाच्या माळ्यावर, आजोबांच्या ट्रंकेत ते पुस्तक असेल, त्या धर्मवार पंचरंगी सामन्यांचे धावफलक असतील, ब्रेबर्न स्टेडियमची जुनी तिकिटं असतील, तर कृपा करून ती तराजूत टाकू नका. पुस्तकाला वेष्टण आहे का आणि आत कोणाची सही आहे, एवढं मला कळवा. पाठवू नका, तुमच्याकडेच ठेवा.