पित्ताशयाचं अस्तर आणि खडे

आपण ‘पित्त झालं’ म्हणतो ते बहुधा पोटातलं आम्ल. खरं पित्त यकृतात बनतं आणि पित्ताशयात साठतं. तिथलं अस्तर त्यातलं पाणी आणि क्षार शोषून घेतं, त्यामुळे पित्त पाच ते दहा पट घट्ट होतं. प्रथिनांसारख्या मोठ्या रेणूंना मात्र पेशींमधल्या फटी पुरत नाहीत. पेशी त्यांना इवल्या पिशवीत गुंडाळून आत-बाहेर नेते. चिकट श्लेष्माही असाच पिशव्यांतून पित्तात येतो. पित्तात कोलेस्टेरॉल जास्त झालं, की त्याचे कण या श्लेष्म्यात अडकतात आणि खडा धरतो. तो सोनोग्राफीत दिसतो.

उजव्या बरगडीखाली कळ, सोबत ताप किंवा कावीळ असेल, तर त्याच दिवशी सरकारी रुग्णालय गाठा. कावीळ ‘उतरवून’ घेण्यात दिवस घालवू नका. खडा नळीत अडकलेला असू शकतो.