घरच्या हिशेबातील हरवलेले शेअर

वाराणसीच्या पंचगंगा, दुर्गा आणि ब्रह्मा या घाटांमागील गल्ल्यांतून हिंडताना महाराष्ट्रातील वाचकास परक्या गावी आल्यासारखे वाटत नाही. पेशवाईच्या काळापासून येथे वसलेल्या मराठी घराण्यांपैकी कित्येकांचा चरितार्थ एके काळी दक्षिणेतून येणाऱ्या वर्षासनांवर चालत असे. ते द्रव्य हुंडीने येई. हुंडी वटवताना पेढीवाला आपली हुंडणावळ कापून घेई, आणि चोख कारकून कीर्दीत हुंडीची पूर्ण रक्कम जमा धरून हुंडणावळ निराळ्या खर्ची टाकी. हाती आले तेवढेच लिहून मोकळे होणे हा त्या काळी आळस समजला जाई. ज्या राज्यात ‘फडणीस’ हे हिशेबाच्या दप्तराचे पद एवढे मोठे ठरले की बाळाजी जनार्दन भानू हे पुरुष इतिहासात नाना फडणीस म्हणूनच ओळखले जातात, त्या राज्यातील माणसांना हिशेबाचे महत्त्व सांगायला नको होते.

आता त्याच वाड्यांत वर्षासनाची जागा निवृत्तिवेतनाने, शेअरांनी आणि म्युच्युअल फंडांनी घेतली आहे, आणि कीर्दीची जागा संगणकाने. पुण्यास किंवा बंगळुरास नोकरी करणारा नातू सुटीत येतो, आजोबांच्या संगणकावर ‘ग्नूकॅश’सारखे विनामूल्य सॉफ्टवेअर किंवा ‘क्विकन’सारखे विकतचे बसवून देतो, आणि सुटी संपताच निघून जातो. पुढची दोन-तीन वर्षे सारे सुरळीत चालते. मग एके दिवशी आजोबा काही शेअर विकतात, विक्रीची नोंद करतात, आणि पडद्यावर शिल्लक दिसते ‘उणे शंभर’. नव्हते ते शेअर विकले कसे?

वाचकहो, अशा वेळी पहिला विचार मनात येतो तो यंत्र चुकले असा. यंत्राची बेरीज चुकत नसते; त्याला जे कोणी सांगितलेच नाही, ते मात्र त्याला ठाऊक नसते. दुसरा विचार याहून घातक आहे. सॉफ्टवेअरच आपल्याला सुचवते की, फरक पडत असेल तर एक जुळवणीची नोंद करून टाकू का? क्विकनमध्ये अशा नोंदीस ‘प्लेसहोल्डर’ म्हणतात. ग्नूकॅशमध्ये बाजू न जुळलेली रक्कम ‘इम्बॅलन्स’ नावाच्या खात्यात आपोआप जाऊन पडते. एक कळ दाबली की आकडा जुळतो आणि मनाला बरे वाटते. परंतु त्या नोंदीला खरेदीची किंमत नसते, खरी तारीख नसते, कारण तर नसतेच. आमचे मत स्पष्ट आहे: न जुळणारी शिल्लक तशीच ठेवून निजावे, पण ही कळ दाबू नये.

मग करावे काय? प्रथम रुपये विसरावेत आणि नगांकडे पाहावे. भाव रोज बदलतो, म्हणून रुपयांत चूक शोधणे कठीण. शेअरांची संख्या मात्र विशिष्ट दिवशीच बदलते. एनएसडीएल व सीडीएसएल या दोन डिपॉझिटरी संस्थांकडून पॅन क्रमांकावर एकत्रित खाते-विवरण येते. व्यवहार झालेल्या महिन्यात त्या महिन्याचे, एरवी सहामाही. अशी जुनी विवरणे काढून ३१ मार्चची संख्या सॉफ्टवेअरमधील त्याच दिवसाच्या संख्येशी ताडावी. प्रत्येक वर्ष पाहण्याची गरज नाही. मधले एक वर्ष घ्यावे. तेथे जुळले तर चूक पुढे, न जुळले तर मागे. तीन-चार वेळा असे केले की चुकीचे वर्ष सापडते, आणि त्या वर्षात ती नेमकी कोठे शिरली तो दिवसही दूर राहत नाही.

एक उदाहरण शेवटपर्यंत नेऊ. समजा, या गृहस्थांनी २०१९ साली गृहकर्ज देणाऱ्या एचडीएफसी लिमिटेड या कंपनीचे ५० शेअर दोन हजार रुपये दराने, म्हणजे एक लाख रुपयांना घेतले. दलाली वगैरे सोयीसाठी सोडून देऊ. ३१ मार्च २०२३ पर्यंत विवरण आणि संगणक दोन्हीकडे ५० शेअर आहेत. ३१ मार्च २०२४ रोजी संगणकात तेच ५० आहेत. विवरणात मात्र ती कंपनीच नाही, तिच्या जागी एचडीएफसी बँकेचे ८४ शेअर आहेत. मधल्या काळात काय घडले? १ जुलै २०२३ रोजी ही कंपनी बँकेत विलीन झाली आणि १३ जुलै ही नोंद-तारीख धरून कंपनीच्या दर २५ शेअरांमागे बँकेचे ४२ शेअर मिळाले. या अदलाबदलीत बँकखात्यातून एक पैसाही हलला नाही. पासबुक पाहून नोंदी करणाऱ्याला ती दिसणार कशी?

चूक सापडली तरी दुरुस्तीत आणखी एक खड्डा आहे. पुष्कळ लोक जुने ५० शेअर त्या दिवशीच्या भावाने ‘विकले’ आणि नवे ८४ ‘विकत घेतले’ असे लिहितात. संख्या जुळते, पण न झालेला नफा कागदावर उमटतो आणि खरेदीची तारीख चार वर्षे पुढे सरकते. कायद्याने अशा विलीनीकरणातील अदलाबदल ही विक्री मानलेली नाही. जुनी किंमत आणि जुनी तारीख नव्या शेअरांबरोबर येतात. म्हणून जुन्या खात्यातून ५० शेअर एक लाखाला बाहेर काढावेत आणि नव्या खात्यात ८४ शेअर त्याच एक लाखाला आत घ्यावेत. प्रत्येकी किंमत १,१९०.४८ रुपये पडते. मूळ खरेदीची तारीख शेऱ्यात लिहून ठेवावी, कारण सॉफ्टवेअर ती स्वतः होऊन लक्षात ठेवीलच असे नाही.

पुढे २०२५ साली, २७ ऑगस्टच्या नोंद-तारखेस, या बँकेने एकास एक बोनस शेअर दिले. आता ८४ चे १६८ झाले. येथे विदेशात जन्मलेल्या सॉफ्टवेअरचा स्वभाव आपल्याला नडतो. अमेरिकेत असे फुकट मिळालेले शेअर बहुधा विभाजनाप्रमाणे धरले जातात. जुनी किंमत जुन्या-नव्या सर्वांवर सारखी पसरते. विभाजनात आपल्याकडेही तसेच होते. याच बँकेने सप्टेंबर २०१९ मध्ये दोन रुपये दर्शनी किमतीच्या एका शेअरचे एक रुपयाचे दोन केले, तेव्हा किंमत निम्मी झाली आणि तारीख तीच राहिली. परंतु भारतीय प्राप्तिकरात बोनस शेअरची खरेदी-किंमत शून्य असते आणि त्याची मुदत वाटपाच्या दिवसापासून मोजतात. बोनसची नोंद ‘विभाजन’ या सोयीच्या कळीने केली, तर संख्या बिनचूक जुळेल आणि नफा साफ चुकेल.

किती चुकेल ते पाहा. या १६८ मधील १०० शेअर ९५० रुपयांनी विकले. आले ९५,००० रुपये. डीमॅट खात्यात आधी आलेले आधी गेले असे धरतात. म्हणून पहिले ८४ शेअर मूळचे: विक्री ७९,८००, किंमत एक लाख, तोटा २०,२०० रुपये. उरलेले १६ बोनसचे: विक्री १५,२००, किंमत शून्य, तेवढाच नफा. सॉफ्टवेअरला विभाजन सांगितले असेल, तर ते शंभरही शेअरांची किंमत ५९५.२४ धरून ३५,४७६ रुपये नफा दाखवील. एकीकडे दोन निराळ्या ओळी, दुसरीकडे एक फुगलेला आकडा. शिवाय बोनसचे शेअर बारा महिन्यांच्या आत विकले असल्यास त्यांवरील नफा अल्प मुदतीचा ठरतो, आणि दीर्घ मुदतीचा तोटा त्यातून वजा करता येत नाही. तेव्हा दोन्ही गठ्ठे पहिल्यापासून निराळे नोंदलेले बरे: ८४ शेअर एक लाखाचे, ८४ शेअर शून्य किमतीचे.

म्युच्युअल फंडातील चुका याहून बारीक असतात. दरमहा ५,००० रुपयांचा हप्ता जातो, पण १ जुलै २०२० पासून खरेदीवर ०.००५ टक्के मुद्रांक शुल्क कापले जाते. म्हणजे २५ पैसे. युनिटे मिळतात ती ४,९९९.७५ रुपयांची. त्या दिवशी युनिटचे मूल्य ४८.३७२१ असेल तर विवरणात १०३.३६० युनिटे येतात. पण सॉफ्टवेअरला नुसते पाच हजार आणि मूल्य सांगितले तर ते १०३.३६५ मांडते. पाच वर्षांत अशा साठ हप्त्यांचा फरक युनिटच्या तिसऱ्या भागापर्यंत जातो, आणि सारी युनिटे विकल्यावरही संगणकात चिमूटभर शिल्लक राहून रोज डोळ्यांत खुपते. उपाय जुन्या कारकुनाचाच: पूर्ण रक्कम लिहावी, २५ पैसे हुंडणावळीप्रमाणे निराळ्या खर्ची टाकावेत, युनिटे विवरणात आहेत तीच उतरवावीत आणि भाव यंत्राला काढू द्यावा.

लाभांश परत गुंतवला जात असेल तर नोंदी दोन हव्यात, एक उत्पन्नाची आणि एक खरेदीची. एप्रिल २०२० पासून लाभांशावरील कर घेणाऱ्यालाच द्यावा लागतो. नुसती युनिटे वाढवून किंमत शून्य ठेवली, तर त्याच पैशावर विक्रीच्या वेळी पुन्हा कर भरण्याची पाळी येते. आणि एखादा व्यवहार नेमका दुप्पट दिसत असेल तर तो एकदा हाताने आणि एकदा दलालाच्या फाईलमधून आला आहे काय, हे पाहावे. दोहोंत सौद्याची तारीख व शेअर खात्यात येण्याची तारीख यांत एक दिवसाचा फरक असला की सॉफ्टवेअरला ते दोन व्यवहार वाटतात.

येथवर आपण विवरण खरे आणि घरचा हिशेब चुकीचा असे धरून चाललो. उलटही घडते. समजा, संगणकात एखाद्या जुन्या कंपनीचे २० शेअर आहेत आणि विवरणात त्यांचा मागमूस नाही. ही नोंद घाईने पुसू नये. काशीतील मराठी घरांत याचे एक खास कारण संभवते. आपल्या रीतीप्रमाणे नावात वडिलांचे किंवा पतीचे नाव मध्ये येते. उत्तर प्रदेशातील कागदपत्रांत ते निराळ्या रकान्यात जाऊन नाव दोनच शब्दांचे उरते. एकाच व्यक्तीचे काही शेअर तीन शब्दी नावावर, काही दोन शब्दी नावावर, आणि जुन्या कागदी प्रमाणपत्रांना पॅन क्रमांक जोडलेलाच नाही, अशी स्थिती असेल तर एकत्रित विवरणात ते शेअर उमटत नाहीत. सलग सात वर्षे लाभांश कोणी घेतला नाही, तर असे शेअर गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीकडे वर्ग होतात. हिशेब ठेवणारी व्यक्ती निवर्तली असेल, तर घरातील इतरांना त्यांचा पत्ता देणारी खूण बहुधा तेवढी एकच नोंद असते.

निधीकडे गेलेले शेअर मूळ मालकास किंवा वारसास परत मिळू शकतात. त्यासाठी ‘आयईपीएफ-५’ हा अर्ज भरावा लागतो आणि कागदपत्रे कंपनीकडे पाठवावी लागतात. दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्रही मागितले जाऊ शकते. प्रमाणपत्र सापडत नसले तरी घरच्या हिशेबात फोलिओ क्रमांक, शेअरांची संख्या आणि खरेदीचा दिनांक लिहिलेला असेल, तर कंपनीच्या निबंधकाकडे चौकशी तेथूनच सुरू करता येते.