पारावरची व परसातील झाडे : आधी रोग ओळखा, मगच कुऱ्हाड उचला

तुरीला मर लागली किंवा सोयाबीनवर तांबेरा दिसला की आपण त्याच दिवशी कृषी सहायकाला गाठतो. मात्र पारावरचा निंब, शाळेपुढचा गुलमोहर, धुऱ्यावरचा शिरस किंवा दारची जास्वंद आजारी पडली तर तिकडे फारसे कोणी पाहत नाही. पाहिलेच तर दोनच उपाय सुचतात, घरात उरलेले औषध फवारणे किंवा झाड तोडून मोकळे होणे. हे दोन्ही उपाय पुष्कळदा चुकीचे ठरतात. पंचवीस-तीस वर्षांत वाढलेले झाड एका दिवसात जाते आणि तेवढी सावली पुन्हा मिळायला एक पिढी लागते.

दोन झाडे, दोन धडे

रिसोड तालुक्यातील रिठद येथे पावसाळ्याच्या शेवटी एका शेतकऱ्याच्या गोठ्यापुढचा निंब पाहण्याचा योग आला. सगळे शेंडे तपकिरी झाले होते आणि झाड होरपळल्यासारखे दिसत होते. "सर, निंब गेला आमचा. लाकडाचा सौदाही झाला," असे त्यांनी सांगितले. खोडावरची व जाड फांद्यांवरची साल नखाने थोडी खरवडून पाहिली, तर आत हिरवी व ओलसर होती. बुंध्याशी कूज नव्हती, भूछत्र नव्हते. "भाऊ, एक उन्हाळा थांबा," एवढेच मी सुचवले. ते थांबले. चैत्रात निंबाला नवी पालवी आली आणि उन्हाळ्यात बैल पुन्हा त्याच सावलीत बांधले गेले.

दुसरे उदाहरण माझ्याच चुकीचे आहे. एका शाळेच्या आवारात फुलांनी डवरलेला गुलमोहर होता. त्याच्या बुंध्याशी तांबूस तपकिरी, चकाकणारे, पंख्याच्या आकाराचे भूछत्र मी पाहिले होते. पाने हिरवीगार असल्यामुळे मी तसाच पुढे गेलो, कोणाला काही बोललो नाही. पुढच्या वादळी पावसात झाड मुळासकट आडवे झाले. दिवस रविवारचा होता म्हणून मुले वाचली. मुळे आतून पांढरी, भुसभुशीत झाली होती.

वाळल्यासारखे दिसणारे झाड वाचले आणि हिरवे दिसणारे पडले. म्हणून झाडाची तपासणी शेंड्याकडे पाहून संपवू नये, ती बुंध्यापासून सुरू करावी.

निंबाचे शेंडे वाळणे (शेंडेमर)

लक्षणे : कोवळ्या फांद्या टोकाकडून खाली वाळत येतात. पाने तपकिरी होतात व काही काळ फांदीलाच लटकून राहतात. फुलोरा करपतो, निंबोळ्या कुजतात. पावसाळा सुरू झाल्यावर रोग वाढतो आणि पावसाळ्याच्या शेवटी व हिवाळ्याच्या तोंडी तो जास्त दिसतो.

कारण : हा रोग फोमॉप्सिस नावाच्या बुरशीमुळे होतो. निंबावरील या बुरशीची स्वतंत्र प्रजाती म्हणून नोंद म्हैसूरच्या संशोधकांनी 1997 मध्ये केली. 2021 मध्ये तेलंगणात हा रोग मोठ्या प्रमाणावर दिसून आला होता. ढेकण्या हा रस शोषणारा कीटक कोवळे शेंडे टोचतो आणि त्या जखमांतून बुरशीला वाट मिळते.

उपाय : जाणते झाड या रोगाने सहसा मरत नाही, म्हणून ते तोडण्याची घाई करू नये. हाताला येतील तेवढ्या वाळलेल्या फांद्या कोरड्या हवेत, हिरव्या भागात 8 ते 10 सें.मी. आत घेऊन कापाव्यात व जाळाव्यात. कापलेल्या जागी बोर्डो पेस्ट लावावी. रोपवाटिकेतील व लहान रोपांवर कॉपर ऑक्सिक्लोराईड 25 ग्रॅम 10 लिटर पाण्यातून फवारावे. बुरशी बियांतूनही जाते, त्यामुळे रोपांसाठी निंबोळ्या निरोगी झाडाखालच्याच वेचाव्यात.

एक गोष्ट ध्यानात ठेवावी. माघ-फाल्गुनात निंब पाने गाळतो. ती नैसर्गिक पानगळ असून तो रोग नव्हे.

बुंधा व मुळे कुजणे

गुलमोहर, शिरस, सुबाभूळ, बाभूळवर्गीय झाडे व सुरू यांवर गॅनोडर्मा या भूछत्राच्या बुरशीमुळे मूळकूज होते. आपल्याकडील झाडांच्या रोगांत हा सर्वांत घातक समजावा, कारण त्यात झाडाबरोबर माणसाच्या जिवालाही धोका असतो.

लक्षणे : पावसाळ्यात बुंध्याशी किंवा उघड्या मुळांवर कडक भूछत्रे येतात. वरची बाजू तांबूस व चकचकीत, कड पांढरट, आजूबाजूला तपकिरी भुकटी पडलेली. ही भुकटी म्हणजे बुरशीचे बीजाणू होत. भूछत्र बाहेर दिसते तोवर आतील लाकूड बरेच कुजलेले असते. पाने मात्र बराच काळ हिरवी राहू शकतात.

तपासणी : खोडावर लाकडी मोगरीने ठोकून पाहावे. पोकळ आवाज आला तर आत कूज आहे असे समजावे. झाड एका बाजूला नव्याने कलले असेल आणि विरुद्ध बाजूची जमीन भेगाळली किंवा उचलली गेली असेल, तर धोका जवळ आला आहे.

उपाय : भूछत्रे आल्यानंतर झाड बरे करणारे खात्रीचे औषध नाही. भूछत्र खरवडून काढल्याने केवळ खूण नाहीशी होते, रोग तसाच राहतो. झाड रस्ता, शाळा, घर किंवा गोठ्याजवळ असेल तर त्याखाली माणसे व जनावरे थांबू देऊ नयेत. रीतसर परवानगी घेऊन माहीतगाराकडून ते उतरवावे. बुंधा व जाड मुळे खणून काढून जाळावीत. हा रोग मुळाला मूळ लागून पसरतो, म्हणून शेजारच्या झाडांच्या बाजूने 60 सें.मी. खोल चर खणावा. त्याच खड्ड्यात लगेच झाड लावू नये. शेजारच्या झाडांच्या आळ्यात शेणखतात मिसळलेली ट्रायकोडर्मा भुकटी द्यावी.

शिसवाची मर

शिसवाची पाने पिवळी पडतात, शेंड्याकडून झाड उघडे होत जाते व काही महिन्यांत वाळते. फ्युजेरियम ही बुरशी याचे कारण असून भारी काळ्या जमिनीत, जिथे पाणी साचते तिथे, तिचा जोर असतो. वाशिम भागातील खोल काळ्या जमिनीत हे विसरून चालणार नाही. पाण्याचा निचरा करणे हाच खरा उपाय होय. सखल जागी शिसव लावूच नये.

बांडगूळ आणि अमरवेल

आंबा, मोह, निंब यांवर वाढणारे बांडगूळ झाडाच्या फांदीत मूळ घुसवून पाणी व अन्नद्रव्ये ओढते. त्याची चिकट बी पक्ष्यांमार्फत फांद्यांवर पडते. बांडगुळाला फळे येण्याआधीच ते फांदीच्या थोड्या भागासह कापावे. नुसते वरवर तोडल्यास ते पुन्हा फुटते.

ड्युरांटा व मेंदीच्या कुंपणावर पिवळी, सुतासारखी अमरवेल पसरते. तिचा एक तुकडा राहिला तरी पुन्हा जाळे होते, त्यामुळे वेल ओढत बसू नये. तेवढे कुंपण खालून छाटून, वेलीसह जागीच गोळा करून जाळावे. हे काम वेलीला बी धरण्यापूर्वी करावे.

परसातील झुडपे

गुलाब : पानांवर काळे गोल ठिपके पडून पाने पिवळी होतात व गळतात. गळालेली पाने वेचून नष्ट करावीत, पाणी पानांवर न देता आळ्यात द्यावे. थंडीत भुरी आल्यास पाण्यात मिसळणारे गंधक 20 ग्रॅम 10 लिटर पाण्यातून सकाळी फवारावे, उन्हाच्या तडाख्यात फवारू नये. छाटणीनंतर फांदी टोकाकडून काळी पडत असल्यास निरोगी भागापर्यंत कापून बोर्डो पेस्ट लावावी.

जास्वंद : शेंडे आकसतात व त्यांवर कापसासारखा पांढरा थर दिसतो. हा रोग नसून पिठ्या ढेकूण ही कीड आहे. हीच कीड कपाशीवरही जाते, म्हणून दारच्या जास्वंदीकडे व आजूबाजूच्या गाजरगवताकडे दुर्लक्ष करू नये. किडलेले शेंडे कापून जाळावेत, निंबोळी अर्क 5 टक्के फवारावा.

चाफा : पानांच्या खालच्या बाजूस नारिंगी पूड म्हणजे तांबेरा. पाने गळतात पण झाड मरत नाही. गळालेली पाने जाळणे पुरेसे आहे.

कण्हेर : शेंड्यांवर पिवळा मावा येतो. पाण्याचा जोराचा फवारा मारल्यास बराचसा धुऊन जातो. कण्हेर विषारी आहे, म्हणून तिची छाटणी जनावरांपुढे कधीही टाकू नये.

करंज व उंबर : पानांवर फोडांसारख्या गाठी येतात. करंजावर त्या सूक्ष्म कोळ्यांमुळे आणि उंबरावर एका लहान किडीमुळे येतात. दिसायला वाईट असल्या तरी मोठ्या झाडाला त्यांपासून धोका नाही. फवारणीवर खर्च करू नये.

बोगनवेल व एक्झोरा : कोवळी पाने पिवळी पण शिरा हिरव्या असतील तर चुनखडीच्या जमिनीतील लोहाची कमतरता समजावी. हिराकस (फेरस सल्फेट) 50 ग्रॅम व चुना 25 ग्रॅम 10 लिटर पाण्यात मिसळून, गाळून फवारावे.

रोगाला दार आपणच उघडतो

पुष्कळ रोगांच्या बुरशी जखमेतून किंवा दुबळ्या झालेल्या मुळांतून शिरतात. त्या जखमा बहुतेक वेळा आपल्याच हातच्या असतात.

1. उन्हाळ्यात धुरे पेटवल्यामुळे बुंध्याची साल भाजते. बाहेरून साल जागेवर दिसते, पण आत ती मेलेली असते व त्याच बाजूने कूज चालू होते.

2. पऱ्हाटी, कुटार किंवा उकिरड्याचा कचरा झाडाच्या बुडाशी रचला किंवा जाळला जातो.

3. पार बांधताना किंवा रस्ता करताना खोडाला लागून सिमेंट ओतले जाते. मुळांना हवा व पाणी मिळत नाही. खोडाभोवती निदान एक मीटर जागा उघडी ठेवावी.

4. पाराची उंची वाढवण्यासाठी बुंध्यावर माती चढवली जाते. त्यामुळे साल सडते.

5. खिळे, तारा व फलक ठोकले जातात, जनावरे खोडाला बांधून साल घासली जाते.

6. फांदी अर्धवट तोडून चिरफाळलेली सोडली जाते. फांदी आधी खालून थोडी कापावी, मग वरून करवत चालवावी, म्हणजे साल ओरबाडत नाही.

बोर्डो पेस्ट व बोर्डो मिश्रण

पेस्टसाठी मोरचूद 1 किलो, कळीचा चुना 1 किलो व पाणी 10 लिटर घ्यावे. मोरचूद व चुना वेगवेगळ्या प्लॅस्टिकच्या किंवा मातीच्या भांड्यांत भिजवावा. लोखंडी भांडे वापरू नये. दोन्ही द्रावणे एकत्र ओतून लाकडी काठीने ढवळावीत. तयार द्रावणात लोखंडी खिळा किंवा विळा बुडवून पाहावा. त्यावर तांबूस थर आला तर आणखी चुन्याची निवळी घालावी. फवारणीचे एक टक्का मिश्रण करायचे असल्यास एवढ्याच मोरचूद व चुन्यासाठी 100 लिटर पाणी घ्यावे. मिश्रण त्याच दिवशी वापरावे.

उंच झाडावर फवारणी नको

उंच झाडावर खालून फवारलेले औषध शेंड्यापर्यंत पोहोचत नाही, ते फवारणाऱ्याच्या तोंडावर व अंगावर पडते. 2017 मध्ये शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन शेतकरी व शेतमजूर दगावले. ते पीक जेमतेम माणसाच्या उंचीचे होते, झाड तर त्याहून कितीतरी उंच असते. शिवाय पार, विहीर व गोठा यांजवळ औषध उडते आणि निंब-करंजाच्या फुलांवर मधमाश्या असतात. फवारणी रोपे व झुडपे यांपुरतीच ठेवावी. औषध डब्यावरील शिफारशीप्रमाणे, हातमोजे व तोंडाला आच्छादन लावूनच वापरावे.

वर्षातून तीन वेळा पाहणी

मे अखेर : वाळलेल्या फांद्या कापाव्यात, जखमांना पेस्ट लावावी, बुंध्यापासून कचरा हटवावा.

ऑगस्ट-सप्टेंबर : बुंध्याशी भूछत्रे आहेत काय ते पाहावे. साचलेले पाणी काढून द्यावे.

जानेवारी : बांडगूळ व अमरवेल काढावी, आळ्यात शेणखत द्यावे.

शंका असल्यास नमुना करडा येथील कृषी विज्ञान केंद्रात किंवा अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात दाखवावा. नमुना घेताना पूर्ण वाळलेली फांदी आणू नये. वाळलेला व हिरवा भाग जिथे मिळतो तो तुकडा, तसेच थोडी मुळे व माती आणावी. नमुना कागदात गुंडाळावा, प्लॅस्टिकच्या पिशवीत तो सडतो.

येत्या पावसाळ्यात गावातील शाळा, पार व बसथांब्याजवळील प्रत्येक झाडाचा बुंधा ग्रामपंचायतीने व तरुण मंडळींनी एकदा खाली वाकून पाहावा. जे झाड धोक्याचे आहे ते वेळीच उतरवावे. ज्याचे केवळ शेंडे वाळले आहेत, त्याची साल नखाने खरवडून पाहावी, आणि आत हिरवे दिसले तर त्याला एक उन्हाळा द्यावा.