थेंबही सांडणार नाही, बॉस!

बाइकचं ऑइल घरी बदलणं सोपं आहे. खाली डाग न पाडता बदलणं मात्र सगळ्यांना जमत नाही. त्याला हातात जादू लागत नाही, बोल्ट खोलायच्या आधीची दहा मिनिटं लागतात. आणि नंतरची पाच.

आपापल्या सोसायटीचं पार्किंग एकदा नीट बघा. कुठल्या तरी कोपऱ्यात पराठ्याएवढा एक काळा डाग हमखास सापडेल. तो कोणी पाडला, हे वॉचमनपासून सेक्रेटरी काकांपर्यंत सगळ्यांना ठाऊक असतं. मग नोटीस बोर्डावर कागद लागतो, 'पार्किंगमध्ये वाहन दुरुस्तीस सक्त मनाई'. एकाने सांडलं की बाकी सगळ्यांचा रविवारचा छंद बंद!

तसं व्हायला नको. कारण मंडळी, ऑइल स्वतः बदलण्यात खरंच मजा आहे. आठवडाभर एक्सेल शीटकडे बघून डोळे मिटायला लागलेल्या माणसाला, हाताने काहीतरी केलं आणि ते लगेच दिसलं, याचं जे सुख मिळतं ते कुठल्याच अप्रेझलमध्ये नाही. शिवाय गाडीत नक्की कुठलं आणि किती ऑइल गेलं, हे डोळ्यांनी बघितलेलं असतं. मी गेली कित्येक वर्षं माझ्या बाइकचं ऑइल पार्किंगमध्येच बदलतो, आणि आजवर सेक्रेटरी काकांनी फक्त 'काय, आज पण?' एवढंच विचारलंय.

एक फंडा आधी क्लिअर करू. गाडी वॉरंटीत असेल तर हा उद्योग नको. तेव्हा कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्येच जा आणि पुस्तिकेवर शिक्के घ्या. वॉरंटी संपली की गाडी तुमची, रविवार तुमचा.

बाबांना हे कुणी शिकवलंच नाही

घरी गाडीवर हात मारणाऱ्या बाबांच्या पिढीला इंजिन ऑइल बदलणं फारसं माहीत नसतं, यात त्यांचा काही दोष नाही. १९७२ साली आलेली बजाज चेतक टू-स्ट्रोक होती. पेट्रोलमध्येच टूटी ऑइल घालायचं. ते पेट्रोलबरोबर जळायचं आणि निळसर धूर होऊन मागून निघून जायचं. बदलायचं ते फक्त गिअरचं ऑइल.

मग १९८५ मध्ये हिरो होंडाची फोर-स्ट्रोक सीडी १०० आली. 'फिल इट, शट इट, फरगेट इट' ही तिची जाहिरात तुफान गाजली. गंमत म्हणजे पेट्रोलपुरतं ठीक होतं, पण लोक ऑइलही 'फरगेट' करायला लागले! फोर-स्ट्रोकमध्ये ऑइल जळून जात नाही, आतच फिरत राहतं. भाग गुळगुळीत ठेवतं, उष्णता वाहून नेतं, काजळी आणि धातूची बारीक कीस स्वतःत धरून ठेवतं. म्हणजे ऑइल काळं झालं तर ते आपलं काम करतंय असं समजा. पण धरून ठेवायलाही मर्यादा असते. किती किलोमीटरनंतर किंवा किती महिन्यांनी बदलायचं ते पुस्तिकेत असतं. दोन्हींपैकी जे आधी येईल ते धरा.

कुठलं ऑइल?

आपल्याकडच्या बहुतेक बाइकमध्ये इंजिन, गिअरबॉक्स आणि क्लच एकाच ऑइलमध्ये आंघोळ करत असतात. म्हणून डब्यावर 'जासो एमए' किंवा 'एमए टू' असा शिक्का बघा. जासो म्हणजे जपानी वाहन मानक संस्था. भावाच्या कारचं उरलेलं ऑइल बाइकमध्ये ओतलं, तर त्यातल्या घर्षण कमी करणाऱ्या रसायनांमुळे क्लच स्लिप होऊ शकतो. बेल्टवर चालणाऱ्या स्कूटरचा क्लच कोरडा आणि वेगळा असतो, म्हणून तिथे 'जासो एमबी' चालतं.

आणि १०डब्ल्यू-३० की २०डब्ल्यू-५०? मित्र काय घालतो ते विचारू नका, पुस्तिका काय म्हणते ते बघा. शंभर ते दीडशे सीसीच्या गाडीला साधारण लिटरभर लागतं, पण नेमका आकडा तिथेच मिळेल. पुण्यात असाल तर नाना पेठेत एक चक्कर मारा. ऑइल, वॉशर, फिल्टर सगळं एका गल्लीत मिळेल.

सामानाची यादी (आधी जमवा, मग खाली बसा)

• वाढदिवसाच्या शुभेच्छांचा जुना फ्लेक्स. भाऊ, दादा, साहेब कोणीही चालतील. यातून ऑइल झिरपत नाही.
• त्यावर कुरिअरचा फाडून सपाट केलेला खोका, त्यावर जुने पेपर.
• पाच लिटरच्या ऑइल कॅनची एक बाजू कापून केलेला ट्रे. पसरट आणि कडा उंच.
• नरसाळी दोन. एक नव्या ऑइलला, एक जुन्याला. अदलाबदल नको.
• बोल्टच्या मापाचा रिंग पाना किंवा बॉक्स पाना. ॲडजस्टेबल पाना बोल्टची डोकी गोल करतो.
• ड्रेन बोल्टचा नवा वॉशर.
• नायट्राइलचे हातमोजे, चिंध्या, सुताराकडून आणलेला मूठभर लाकडाचा भुसा.
• घट्ट झाकणाची रिकामी बाटली किंवा कॅन. हिच्यावर 'जुने ऑइल' असं आधीच मार्करने लिहा. कोल्ड ड्रिंकची बाटली वापरू नका, घरात लहान मुलं असतात.

सांडतं कधी?

माझं निरीक्षण आहे की ऑइल फक्त तीन वेळा सांडतं. बोल्ट निघतो तेव्हा, ट्रेमधून बाटलीत ओततो तेव्हा आणि नवीन भरतो तेव्हा. हे तीन क्षण सांभाळले की झालं.

आधी इंजिन तीन-चार मिनिटं चालू ठेवा. थंड ऑइल मधासारखं रेंगाळतं आणि गाळ आतच सोडतं. फार तापवूही नका. हाताला सोसेल इतकं गरम बास. सायलेन्सर त्यापेक्षा बराच वेळ तापलेला असतो, त्याला कोपर लावू नका. आणि हे बंद बेसमेंटमध्ये नको, धुरातला कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही. उघड्यावर गाडी चालू करा, मग ढकलत जागेवर आणा, डबल स्टँडवर लावा.

आता पहिला क्षण. वरचं झाकण, म्हणजे डिपस्टिक, अजून उघडू नका. पाण्याच्या भरल्या बाटलीला एकच भोक पाडलं तर पाणी अडखळत येतं, तसंच इथे. वरून हवा आत जात नाही, म्हणून पहिला झोत जरा आवरता येतो. पान्याने बोल्ट फक्त सैल करा. वरून हात घालून खोलताना डावं-उजवं उलटं वाटतं, म्हणून बोल्टच्या डोक्याकडे समोरून बघून डावीकडे फिरवा. मग पाना ठेवा आणि पुढचे आटे बोटांनी सोडवा, बोल्ट सतत आतल्या बाजूला दाबत. शेवटचा आटा सुटल्याचं बोटांना कळतं. तेव्हा एका झटक्यात हात बाजूला. बोल्ट हातात राहतो, ट्रेमध्ये बुडत नाही, आणि मनगटावरून ऑइल ओघळत नाही.

ज्या गाड्यांत बोल्ट तिरका असतो तिथे पहिली धार लांब उडते, मग जवळ येत येत सरळ खाली पडते. म्हणून ट्रे भोकाच्या बरोबर खाली ठेवू नका, धारेच्या दिशेला थोडा पुढे ठेवा आणि जोर ओसरला की मागे सरकवा. धार स्थिर झाली की वरचं झाकण उघडा, उरलेलं भराभर येतं. शेवटी धार दोऱ्यासारखी बारीक होते. ती वाऱ्याने हलते, म्हणून वाऱ्याच्या बाजूला खोक्याचा एक पुठ्ठा उभा करा. थेंब थांबेपर्यंत दहा मिनिटं जातात. चहा घ्या.

अमेरिकेत मोठ्या लॉनच्या घरात राहणारे आपले मित्र गवत कापायच्या बसक्या यंत्राचं, म्हणजे राइडिंग मोअरचं ऑइल बदलतात, तेव्हा ड्रेनच्या तोंडाला प्लास्टिकची नळी लावतात किंवा डिपस्टिकच्या भोकातून हातपंपाने ऑइल वर ओढतात. तत्त्व तेच. ऑइलला स्वतःचा रस्ता निवडू द्यायचा नाही.

स्कूटरवाल्यांना एक इशारा. खाली सहसा दोन बोल्ट असतात. एक इंजिनचा, दुसरा मागच्या चाकाजवळ, गिअर ऑइलचा. चुकीचा खोलला तर गिअर ऑइल जाईल आणि इंजिनमध्ये दुप्पट भराल. पुस्तिकेतलं चित्र बघा, मगच पाना लावा.

पीळ किती मारायचा?

बोल्ट आणि त्याची बैठक पुसा. काही गाड्यांत इथे जाळी असते, काहींत वेगळा कागदी फिल्टर असतो. जाळी धुवा, फिल्टर पुस्तिका सांगेल तेव्हा बदला. नवा वॉशर चढवा. मग बोल्ट बोटांनीच आत घाला. पहिले आटे बोटांनी बसले नाहीत तर बोल्ट तिरका आहे. बाहेर काढून पुन्हा लावा.

पुढचा पीळ बेताचा. इंजिनचं कवच ॲल्युमिनियमचं असतं आणि बोल्ट पोलादी. ताकद लावली की ॲल्युमिनियम हरतं, आटे जातात आणि शंभर रुपयांचं काम हजारांत जातं. गळती थांबवतो तो वॉशर, तुमचे डोले नव्हेत! टॉर्क रेंच असेल तर पुस्तिकेतला आकडा लावा.

नवं ऑइल भरताना नरसाळं आणि सावकाशी. सांगितलेल्या मापापेक्षा थोडं कमी भरा, इंजिन दोन मिनिटं चालवा, बंद करा, दोन-तीन मिनिटं थांबा आणि पातळी बघा. डिपस्टिक काही गाड्यांत आटे न फिरवता नुसती टेकवून बघायची असते, काहींत काचेची खिडकी असते. दोन खुणांच्या मध्ये आलं की थांबा. जास्त ऑइलही इंजिनला त्रासच देतं.

शेवटी मागचं टायर तपासा. त्यावर एक थेंबही असेल तर साबणाने धुवा, कारण पहिल्याच वळणावर तो तुम्हाला आडवा करू शकतो. फरशीवर काही पडलंच, तर पाणी ओतू नका, डाग पसरतो. भुसा टाका, पायाने दाबा, तासभर ठेवा, झाडून घ्या. तो भुसा वेगळ्या पिशवीत बांधून घरगुती घातक कचरा म्हणून द्या.

आता त्या काळ्या लिटरचं काय?

इथे खरी परीक्षा आहे. फरशी चकाचक ठेवणारी माणसंसुद्धा ट्रे उचलून सरळ गटारात रिकामा करतात. म्हणजे घाण झालीच, फक्त आपल्या डोळ्यांआड. पावसाळी गटारातलं पाणी कुठल्या शुद्धीकरण केंद्रात जात नाही, नाल्यातून नदीत जातं. पुण्यात ती नदी म्हणजे मुळा नाहीतर मुठा. अमेरिकेची पर्यावरण संस्था सांगते की एका ऑइल चेंजचं जुनं ऑइल दहा लाख गॅलन गोडं पाणी खराब करू शकतं.

कुणी ते सेंट्रिंगच्या फळ्यांना लावायला देतं, कुणी वाळवी लागू नये म्हणून लाकडाला फासतं. 'वाया नाही गेलं' असं समाधान मिळतं, पण काजळी आणि जड धातू मातीत आणि कामगारांच्या हातांवर जातात. आपण हातमोजे घालायचे आणि त्यांनी उघड्या हातांनी फासायचं, हे काही पटत नाही.

खरं तर ऑइल 'संपत' नाही, मळतं. कारखान्यात ते शुद्ध करून पुन्हा मूळ तेल बनवता येतं. आपल्याकडे २०१६ च्या घातक कचरा नियमांत वापरलेलं ऑइल येतं. १ एप्रिल २०२४ पासून ऑइल बनवणाऱ्या आणि आयात करणाऱ्या कंपन्यांवर पुनर्वापराची जबाबदारीही टाकण्यात आली आहे. पण तुमची बाटली त्या साखळीत पोचली तरच याचा उपयोग. अमेरिकेत बरीच स्पेअर पार्टची दुकानं जुनं ऑइल फुकट परत घेतात. आपल्याकडे ते विचारून करावं लागतं.

मी विचारतो. माझ्या कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्या दादांकडे जळक्या ऑइलचा ड्रम आहे. पहिल्यांदा मी बाटली घेऊन गेलो तेव्हा ते हसले. 'अहो, लोक ऑइल घालायला येतात, तुम्ही द्यायला आलात!' मी विचारलं, 'दादा, हा ड्रम पुढे कोण नेतं?' त्यांनी एक पावती दाखवली, नोंदणी असलेल्या रिसायकलरची. तुम्हीही पावती बघायला मागा. नसेल तर दुसरं गॅरेज शोधा, किंवा मोठ्या सर्व्हिस सेंटरला विचारा. ऑइलमध्ये पाणी, रॉकेल, ब्रेक फ्लुइड काही मिसळू नका, मग ते शुद्ध करणं अवघड होतं. नव्या ऑइलचा रिकामा डबा भंगारात देण्याआधी कापा, म्हणजे त्यात कुणी नकली ऑइल भरून विकणार नाही.

पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर तारीख आणि किलोमीटर लिहा. हातमोजे काढायच्या आधी जुन्या बाटलीचं झाकण घट्ट आहे ना बघा, आणि सोमवारी ऑफिसला जाताना ती गॅरेजवर सोडा. ती हातातून सुटली की ऑइल चेंज झाला. तोवर काम अर्धंच आहे, बॉस.