विश्लेषण : समुद्रतळाच्या उतारावर फिश फाइंडर का चकतो?

कोकणातील यांत्रिक नौकांवर फिश फाइंडर आता नेहमीचा झाला आहे. सपाट, चिखलाच्या तळावर तो भरवशाने काम करतो. मात्र तळ एकाएकी खोल जाऊ लागला, की पडद्यावरची तळाची रेघ जाड होते, खोलीचे आकडे उड्या मारतात आणि तळालगतचे मासे दिसेनासे होतात. यंत्र बिघडले, अशी शंका तेव्हा येते. प्रत्यक्षात बहुतेक वेळा यंत्र ठीक असते. ते फक्त सपाट तळासाठीच्या सेटिंगवर चालू असते. ही सेटिंग बदलली नाही तर डिझेल वाया जाते, खडकात जाळे फाटते आणि उथळ खडकाचा अंदाज चुकल्यास नौकाच धोक्यात येते.

असे उतार कुठे आहेत?

महाराष्ट्राच्या किनाऱ्यालगतचा भूखंडमंच रुंद आणि मंद उताराचा आहे. त्यामुळे किनाऱ्याजवळ मासेमारी करणाऱ्यांना ही अडचण फारशी जाणवत नाही. मंच संपून खंडान्त उतार सुरू होतो, तिथे मात्र तळ झपाट्याने खाली जातो. विजयदुर्गपासून साधारण १०५ किलोमीटर पश्चिमेला असलेली आंग्रिया बँक हे याचे ठळक उदाहरण. कान्होजी आंग्रे यांच्या नावाने ओळखले जाणारे हे पाण्याखालचे पठार सुमारे ४० किलोमीटर लांब आणि १५ किलोमीटर रुंद आहे. पठाराचा माथा काही ठिकाणी २० मीटरच्या आसपास खोलीवर आहे, तर कडा तीव्र उताराच्या आहेत. मालवण, वेंगुर्ल्याच्या बाजूला पाण्यात बुडालेल्या खडकांभोवतीही लहान प्रमाणात हीच स्थिती असते. हेकरू, तांबोसा यांसारखे गळाला लागणारे मासे अशाच खडकाळ जागी थारा घेतात. म्हणजे जिथे मासा असण्याची शक्यता जास्त, तिथेच यंत्राची परीक्षा असते.

यंत्र नेमके काय दाखवते?

मासे शोधणारे पहिले व्यवहार्य यंत्र जपानच्या फुरुनो कंपनीने १९४८ मध्ये बाजारात आणले. मूळ तत्त्व आजही तेच आहे. नौकेच्या तळाशी बसवलेला ट्रान्सड्युसर पाण्यात आवाजाचा ठोका सोडतो. समुद्राच्या पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे १,५०० मीटर वेगाने जातो. तळावर किंवा माशावर आपटून तो परत यायला लागलेल्या वेळेवरून यंत्र अंतर काढते.

मात्र हा आवाज सरळ दोरीसारखा खाली जात नाही. तो उलट्या धरलेल्या नरसाळ्यासारखा पसरत जातो. प्रतिध्वनी कोणत्या बाजूने आला हे साध्या यंत्राला कळत नाही. तो किती वेळाने आला एवढेच कळते. त्यामुळे या नरसाळ्यातला जो तळ सर्वांत जवळ, तिथेच यंत्र तळाची रेघ सुरू करते. तळ सपाट असेल तर सर्वांत जवळची जागा नौकेच्या बरोबर खाली असते. उतारावर मात्र ती चढाच्या बाजूला असते.

मासे का लपतात?

एक हिशेब पाहू. नौकेखाली १०० मीटर पाणी आहे आणि तळाचा उतार ३० अंशांचा आहे, असे समजा. आवाजाचा झोत १२ अंशांचा असेल तर १०० मीटर खोलीवर त्याचा व्यास साधारण २१ मीटर होतो. चढाकडचा तळ अंदाजे ९५ मीटरवरच ‘लागतो’. म्हणजे नौकेच्या बरोबर खाली, तळापासून ५ मीटरच्या आत असलेला मासा तळाच्या रंगातच मिसळून जातो. झोत ४५ अंशांचा असेल तर व्यास सुमारे ८३ मीटर होतो, तळ ८७ मीटरवर दिसू लागतो आणि १३ मीटरचा पट्टा आंधळा होतो. उताराकडच्या बाजूने येणारे प्रतिध्वनी आणखी उशिरा पोहोचतात, म्हणून तळाची रेघ खालच्या बाजूला शेपटीसारखी लांबत जाते. ही शेपटी म्हणजे चिखलाचा जाड थर किंवा माशांचा थवा नव्हे.

कोणती सेटिंग बदलावी?

फ्रिक्वेन्सी : अनेक यंत्रांत ५० आणि २०० किलोहर्ट्झ असे दोन पर्याय असतात. ५० चा आवाज खोल जातो, पण त्याचा झोत रुंद असतो. २०० चा झोत अरुंद असतो. उतारावर, जोवर २०० वर तळ स्पष्ट लागतो, तोवर तोच ठेवावा. खोली वाढून तळ पुसट झाला, तरच ५० कडे वळावे.

रेंज : ऑटो रेंजवर यंत्र उतारावर गोंधळते, कधी चढाकडचा तळ धरते, कधी दुहेरी प्रतिध्वनीला तळ समजते. अशा वेळी रेंज हाताने लावावी. अपेक्षित खोलीपेक्षा तळाखाली थोडी जागा राहील एवढी ती असावी.

गेन : पडद्यावर बारीक ठिपके दिसू लागेपर्यंत गेन वाढवावा आणि मग ते जेमतेम नाहीसे होतील इतका कमी करावा. गेन जास्त झाला तर तळाची शेपटी फुगते. कमी झाला तर मासा हरवतो.

पल्स : ठोका १ मिलिसेकंदाचा असेल तर खोलीत ७५ सेंटिमीटरपेक्षा कमी अंतर असलेल्या दोन गोष्टी एकच दिसतात. ०.१ मिलिसेकंदाच्या ठोक्यात हेच अंतर साडेसात सेंटिमीटरवर येते. म्हणून झेपेल तितका लहान पल्स निवडावा. खोल पाण्यात मात्र त्याची ताकद अपुरी पडते.

व्हाइट लाइन : या सोयीने कठीण तळ वेगळ्या रंगात दिसतो आणि त्याला चिकटून असलेला मासा ओळखता येतो.

फिल्टर : व्यत्यय काढणारे फिल्टर एकामागून एक येणाऱ्या ठोक्यांची तुलना करतात. उतारावर चित्र प्रत्येक ठोक्याला बदलते, त्यामुळे जास्त फिल्टर लावल्यास खरा मासाही पुसला जातो. शेजारी दुसऱ्या नौकेचे यंत्र चालू नसेल तर फिल्टर कमी ठेवावा.

बॉटम लॉक : ही सोय तळ पडद्यावर सपाट करून त्याच्या वरचे काही मीटर मोठे दाखवते. उपयोग होतो, पण उतारच दिसेनासा होतो. म्हणून पडदा दोन भागांत विभागून नेहमीचे चित्रही शेजारी ठेवावे.

नौका कशी चालवावी?

केवळ बटणांनी काम भागत नाही. उतारावर वेग कमी ठेवल्यास दर मीटरमागे जास्त ठोके पडतात आणि चित्र स्पष्ट होते. आधी उताराला आडवे जाऊन चढ कोणत्या बाजूला आहे ते समजून घ्यावे. मग एकाच खोलीची रेघ धरून उताराला समांतर जावे. तळाची रेघ स्थिर राहते आणि यंत्र कमी गोंधळते. मासा दिसला तर तो बरोबर खालीच आहे असे मानू नये. रुंद झोतात तो कित्येक मीटर बाजूला असू शकतो. त्याच जागेवरून दुसऱ्या दिशेने पुन्हा जाऊन, जीपीएसवर दोन्ही खुणा ताडून मगच गळ सोडावा.

ट्रान्सड्युसर सरळ खाली बसलेला आहे ना, हेही तपासावे. तो कलला असेल किंवा नौका एका बाजूला झुकली असेल, तर झोत तिरका पडतो आणि उतारावरची चूक वाढते.

मर्यादा कोणती?

योग्य सेटिंगने आंधळा पट्टा लहान होतो, नाहीसा होत नाही. त्यामुळे उतारावर पडद्यावर मासा दिसला नाही, याचा अर्थ तिथे मासा नाही असा होत नाही. दुसरी बाब सुरक्षिततेची. यंत्र आपल्या झोतापुरताच तळ पाहते. पुढे किंवा बाजूला उभा असलेला खडक त्याला दिसत नाही. शिवाय दिसणारी खोली बहुधा ट्रान्सड्युसरपासूनची असते. तो नौकेच्या तळाच्या सर्वांत खालच्या भागापेक्षा वर बसवलेला असेल, तर नौकेखालचे खरे पाणी त्याहून कमी असते. खडकाळ भागात फिश फाइंडरबरोबर सागरी नकाशा उघडा ठेवणे आणि तांडेलाच्या माहितीतल्या खुणा जमेस धरणे, हाच सुरक्षित मार्ग आहे.